सामुराईने सामुराई का काढला नाही?

निळीशाई (पुणे)

एका चित्रापासून सुरुवात करते.

उंच, अरुंद कागद, सव्वा मीटरच्या आसपास. खालून वर एक वाळकी काडी गेलेली. बघताना वाटतं, काढणाऱ्याचा हात मध्ये कुठे थांबलाच नसावा. वर शेंड्याशी एक खाटीक पक्षी. आपल्याकडे माळावर बाभळीच्या टोकाला बसून टोळ हेरतो आणि मारलेला किडा काट्याला अडकवून ठेवतो, त्याच जातकुळीतला. काडीवर एक अळी वर चढते आहे. तिला वर कोण बसलंय याचा पत्ता नाही. बाकी कागद बराचसा मोकळा.

काढणारा मियामोतो मुसाशी. साठाहून अधिक द्वंद्वं लढलो आणि एकही हरलो नाही, असं ज्याने स्वतः लिहून ठेवलं तो. १६४५ साली गेला. चित्र आज ओसाकाजवळच्या इझुमी शहरात, कुबोसो स्मारक संग्रहालयात आहे. तलवारीचं तत्त्व इतर कलांना लावलं, कुठल्याच गोष्टीत मला गुरू नाही, असंही त्याने लिहिलंय.

मी चार वर्षं पुण्यात जपानी शिकते आहे आणि रविवारी सकाळी शाई उगाळून बसते. ही काडी मी कितीदा काढून पाहिली ते मोजलेलं नाही. अर्ध्यात हात घाबरतो आणि तिथे शाई फुगते. त्यामुळे हे चित्र माझ्या मनात कायम असतं. त्यातूनच एक प्रश्न वर आला, तो इथे मांडते आहे.

सामुराई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्रंच येतात. शिंगांची शिरस्त्राणं, वटारलेले डोळे, उधळलेले घोडे. पण ज्यांचं कूळ सामुराईचं होतं आणि ज्यांनी हाती कुंचला धरला, त्यांनी काय काढलं याची मी यादी करायला घेतली. मुसाशीचा खाटीक. हिरोशिगेचा पाऊस. उरागामी ग्योकुदोचा बर्फ. हिमेजीच्या संस्थानिक घराण्यातल्या साकाई होइत्सुचं गवत. इसे प्रांतातल्या नागाशिमा संस्थानच्या मासुयामा सेस्साईचे किडे. हे सेस्साई स्वतः संस्थानिक. नाकतोडे, फुलपाखरं, चतुर समोर ठेवून इतक्या बारकाईने काढायचे की आजचा कीटकतज्ज्ञ जाती ओळखेल. चित्रांसाठी जे जीव गेले त्यांच्यासाठी स्मारक उभारावं ही त्यांची इच्छा होती, आणि १८२१ साली ती शिळा उभी राहिली. तोक्योच्या उएनोतल्या कानेइ-जी मंदिरात ती आजही आहे.

आता दुसरी यादी. आवेशातले, रक्ताळलेले, दात ओठ खाणारे सामुराई कोणी काढले? सगळ्यात आधी नाव येतं उतागावा कुनियोशीचं. तो एदोतल्या (म्हणजे आजच्या तोक्योतल्या) एका रेशीम रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा मुलगा.

कुनियोशी आणि हिरोशिगे दोघेही १७९७ सालचे. दोघेही एदो शहरातले, दोघेही उतागावा परंपरेत शिकलेले. त्यातला रंगाऱ्याचा मुलगा जन्मभर योद्धे काढत राहिला आणि सामुराईचा मुलगा पावसात पळणारे हमाल काढत राहिला.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षं मोठी लढाई झालीच नाही. सामुराईच्या घरात चिलखत पेटीत आणि माणूस कचेरीत किंवा पहाऱ्यावर. पेटीतल्या चिलखताकडे बघून त्याला स्वतःचं चित्र काढावंसं वाटलं नसेल. ज्याला ते घालायला परवानगीच नव्हती, त्याला मात्र ते हवंहवंसं वाटत होतं.

हे माझं मत. खोडून काढा, भर घाला.

वाटसरू

वाचनखूण साठवली. होइत्सुच्या गवताबद्दल अजून लिहा ना. नाव पहिल्यांदा ऐकलं.

निळीशाई

वाटसरू, लिहिते. ओगाता कोरिन या आधीच्या चित्रकाराचे सोनेरी घडीचे पडदे आहेत, वाऱ्याचा देव आणि गडगडाटाचा देव. शंभरेक वर्षांनी, १८२१ च्या सुमारास, होइत्सुने त्याच पडद्यांच्या पाठीवर चंदेरी जमिनीवर गवत काढलं. गडगडाटाच्या देवाच्या मागे पावसाने वाकलेलं उन्हाळी गवत, वाऱ्याच्या देवाच्या मागे वाऱ्याने झोडपलेलं शरदातलं गवत. समोर देव काय करतायत ते मागच्या पात्यांवर दिसतं. जतनासाठी आता दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आहेत, तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मला विचाराल तर पाठीवरची बाजू अधिक मोठी आहे. कोरिनची माफी मागून लिहिते.

ठसेकरी (मुंबई)

लेख मनापासून आवडला. मी लाकडी ठशांवर काम करतो, त्यामुळे कुनियोशीच्या बाजूने दोन शब्द.

कुनियोशीची ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली, ती एका माणसाची नसतात. चित्रकार पातळ कागदावर रेघ काढून देतो. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवतो आणि रेघेच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढून रेघ तेवढी उभी ठेवतो. शिरस्त्राणाखालून सुटलेला केसांचा झुबका पाहा. तिथे कोरणाऱ्याने केसाच्या जाडीची लाकडी भिंत शाबूत ठेवलेली असते. हे एकदा हाताने करून बघितलं की त्या छापांकडे बघायची नजरच बदलते. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. छापणारा वेगळा. आणि या सगळ्यात पैसा घालणारा प्रकाशक वेगळा. विकलं गेलं नाही तर बुडणारा तोच.

म्हणजे योद्ध्यांची चित्रं हा बाजार होता, आणि गिऱ्हाईक शहरातलं साधं माणूस. १८२७ पासून कुनियोशीने चिनी कथेतले गोंदवलेले बंडखोर काढायला घेतले, त्यावर त्याचं नाव झालं आणि 'योद्ध्यांचा कुनियोशी' अशी ओळख पडली.

दुसरं कारण सरकारी होतं. १८०४ मध्ये चित्रकार उतामारोने हिदेयोशीची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जपानच्या सत्ताधीशाची, चित्रं छापली म्हणून त्याला पकडलं आणि पन्नास दिवस हातात बेड्या ठोकल्या. दोन वर्षांत तो गेला. १५७३ नंतरच्या योद्ध्यांची खरी नावं आणि घराण्यांची चिन्हं चित्रांत घालायला मनाई झाली. म्हणून कुनियोशीच्या छापांत हिदेयोशीच्या आधीच्या नोबुनागा सरदाराचा 'हारुनागा' होतो आणि हिदेयोशीचा 'हिसायोशी'. विकत घेणाऱ्या पोराटोरालाही कळायचं कोण ते. १८४७-४८ मध्ये त्याने ४७ रोनिन (धनी गमावलेले सामुराई) काढले तेव्हाही नाटकातलीच बदललेली नावं वापरली.

आता विचार करा, ज्यांची चाकरी त्याच राजवटीत आहे तो माणूस असल्या भानगडीत कशाला पडेल? नाकतोडा काढला तर कोणी बेड्या घालत नाही.

साळुंकी

ठसेकरींचा मुद्दा मला मूळ लेखापेक्षा जास्त पटला.

माझी एक हरकत आहे. शाई, रेशीम आणि निवांत सकाळ यांचा खर्च कुठून येत होता? जपानात सामुराईची पत कोकूत मोजत. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. तो तांदूळ पिकवणारा शेतकरी होता. नागाशिमाच्या संस्थानिकाने किड्यांसाठी शिळा उभारायला सांगितली हे वाचून मला त्याच्या रयतेची आठवण झाली. सामुराईने सामुराई काढला नाही हा प्रश्न चांगला आहे. पण त्याने शेतकरी तरी काढला का?

निळीशाई

साळुंकी, हरकत रास्त आहे आणि मला ती टाळायची नाही. सेस्साईबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर.

पण सगळ्यांनाच निवांत सकाळ नव्हती. हिरोशिगेचंच घ्या. एदोच्या किल्ल्यासाठी शोगुनच्या (जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या) चाकरीत आगवाले सामुराई असत, त्यांच्या यायोसू इथल्या वसाहतीत तो जन्मला. १८०९ मध्ये आधी आई गेली, मग बापाने आपली जागा त्याला दिली आणि वर्ष संपता संपता बापही गेला. त्यांच्या मोजणीने पोरगा तेरा वर्षांचा. तनखा तुटपुंजा. अशा खालच्या पायरीवरच्या घरांत छत्र्यांना कागद चिकटवणं, दिवे रंगवणं असली जोडकामं करावीच लागत. हिरोशिगेने पुढे ती जागा घरातल्याच दुसऱ्याला देऊन टाकली आणि १८३३-३४ मध्ये एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्याचे ५३ मुक्काम ही त्याची चित्रमालिका आली.

त्या मालिकेतलं पहिलंच चित्र बघा, निहोनबाशीचा पूल. पहाटेची वेळ, पुलावरून संस्थानिकाची स्वारी चढून येते आहे. भाल्यांची टोकं आधी दिसतात. आणि चित्रात पुढे कोण आहे? टोपल्या घेऊन बाजूला सरकणारे मासेवाले आणि दोन कुत्री. सामुराई त्याने काढलाय, पण मागे ठेवलाय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं असं मला वाटतं.

साळुंकी

हे चित्र उघडून बघितलं. मासेवाल्यांचं एवढं मी आधी पाहिलंच नव्हतं. धन्यवाद.

नागोयाकर (आइची, जपान)

शीर्षकालाच आव्हान देतो. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल आरमार जपानच्या क्यूशू बेटावर आलं, तेव्हा हिगो प्रांतातला ताकेझाकी सुएनागा नावाचा सामुराई लढला होता. त्याने पुढे आपल्याच लढाईची दोन मोठी चित्रगुंडाळ्या करवून घेतल्या. १२९३ च्या आसपासचं काम. २०२१ मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

हा काही मोठा सरदार नव्हता. पहिल्या वेळी त्याच्यासोबत जेमतेम चार स्वार. चित्रात त्याचा घोडा बाण लागून रक्त सांडत उधळलाय, समोर मंगोल धनुर्धारी, आणि हवेत मधोमध एक गोळा फुटतो आहे. हा स्फोट नंतर कोणीतरी घुसडला असावा अशी अभ्यासकांना शंका होती. मग आजच्या नागासाकी प्रांतातल्या ताकाशिमा बेटाजवळच्या समुद्रतळातून खरोखरच तसले मातीचे गोळे वर आले.

लढाईनंतर बक्षीस मिळालं नाही, तेव्हा घोडा-खोगीर विकून हा बाबा थेट कामाकुराला, तेव्हाच्या शोगुनच्या राजधानीला, गेला आणि आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यापुढे बसून आपली बाजू मांडली. जमिनीवरचा हक्क आणि एक घोडा मिळवूनच परतला. हे सगळं चित्रात आहे, चित्रांमध्ये त्याच्याच बाजूचा मजकूर आहे. दुसऱ्या स्वारीच्या वेळी तो थाप मारून दुसऱ्याच्या होडीत चढला. शिरस्त्राण जवळ नव्हतं, म्हणून नडगीची चिलखती पट्टी सोडून डोक्याला बांधली. हेही त्याने लपवलं नाही!

कुनियोशीचा एकही योद्धा नडगीची पट्टी डोक्याला बांधून लढत नाही. बघितलेली लढाई आणि ऐकलेली लढाई यातला फरक मला इथे दिसतो.

निळीशाई

नागोयाकर, हे फार मोलाचं. सुएनागा मला माहीत होता, नडगीची पट्टी माहीत नव्हती.

एक बारीक दुरुस्ती मात्र करते. कुंचला त्याचा नव्हता. त्याने करवून घेतलं, काढणारा निराळा. मंजूर करते की चित्राचा कर्ता अनेकदा करवून घेणारा असतो. म्हणून प्रश्न असा फिरवते, लढाया चालू होत्या तोवर सामुराईला आपली लढाई चित्रात हवी होती. लढाया थांबल्यावर ती हौस शहरातल्या लोकांकडे गेली का?

कोरीव

लढाया थांबण्याच्या बरोबर वेळेला एक माणूस उभा आहे, काइहो यूशो (१५३३-१६१५). वडील आझाई घराण्याचे सरदार. हा लहानपणीच क्योतोच्या तोफुकु-जी मठात दिला गेला म्हणून वाचला. १५७३ मध्ये नोबुनागाने आझाईंना बुडवलं, त्यात काइहोंचं घरही गेलं. चित्रकार झाला. केन्निन-जी मंदिरातले त्याचे ढगातून येणारे ड्रॅगन ज्यांनी पाहिलेत त्यांना मी वेगळं सांगायला नको.

पण घराण्यात जी आठवण राहिली, नातवाने लिहून ठेवलेली, ती अशी की यूशोला चित्रकार झाल्याची खंत होती. चुकून कारागिरांच्या घरात पडलो, आपलं योद्ध्याचं घर पुन्हा उभं करायचं होतं, असं त्याच्या मनात असे. १५८२ मध्ये त्याचा मित्र साइतो तोशिमित्सु याला मारून देह उघड्यावर टांगला होता. तो देह यूशोने जाऊन सोडवून आणला, अशीही हकिगत आहे.

तेव्हा 'एका हाती तलवार, एका हाती कुंचला' हे वाक्य आपण जितक्या सहज लिहितो, तितकं ते त्या माणसाला सहज नव्हतं. त्याच्या लेखी चित्रकला हा पराभव होता. आणि त्या पराभवातून ते ड्रॅगन आले. मला ते चित्र बघताना दर वेळी हे आठवतं.

ठसेकरी

कोरीव, अंगावर काटा आला.

याच्या अगदी उलट उरागामी ग्योकुदो. ओकायामाकडच्या कामोगाता संस्थानात चाकरी होती. १७९४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, दोन मुलांना बरोबर घेऊन त्याने चाकरी सोडली. राजीनामा वगैरे नाही, निघून गेला, म्हणजे गुन्हाच. सात तारांचं चिनी वाद्य घेऊन गावोगाव फिरला. बर्फ भुरभुरणाऱ्या गोठलेल्या ढगांचं त्याचं डोंगरचित्र आज राष्ट्रीय ठेवा आहे, कादंबरीकार कावाबाता यासुनारी यांच्या संग्रहातलं. त्यात डोंगर बर्फाने पांढरा नाहीये, राखाडी झालाय, आजारी माणसाच्या कातडीसारखा. एकाला सामुराईपण गेल्याचं दुःख, दुसऱ्याने ते स्वतः टाकून दिलं.

दर्याकाठ (म्हापसा)

सगळे प्रतिसाद वाचून काढले. आमच्या गोव्याचा एक धागा यात आहे, तो सांगते.

१५८२ मध्ये क्यूशूच्या ख्रिस्ती सरदारांनी चार मुलगे युरोपला पाठवले, तेरा-चौदा वर्षांची सामुराई घराण्यांतली पोरं. जाताना आणि येताना ती गोव्यात राहिली. परतताना १५८७ मध्ये त्यातल्या हारा मार्तिनोने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं होतं.

१५८८ मध्ये गोव्याहून पोर्तुगीज व्हाइसरॉयने हिदेयोशीला पत्र लिहिलं. चर्मपत्रावर, भोवती रंगीत नक्षीची किनार. ते पत्र या मुलांसोबत जपानला गेलं आणि १५९१ मध्ये क्योतोत हिदेयोशीसमोर वाचलं गेलं. बरोबर युरोपी चिलखतं आणि अरबी घोडाही होता. ते पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात अजून आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा मानलंय. गोव्यात रंगवलेली किनार जपानचा राष्ट्रीय ठेवा! मला याचा फार आनंद वाटतो.

चिलखताचा परिणामही झाला. युरोपी छातीपत्रा जपानी पद्धतीने बांधून घ्यायची मोठ्या सरदारांत रीत पडली. एदोचा पहिला शोगुन इएयासू याचं म्हणून ओळखलं जाणारं असं एक चिलखत निक्को तोशोगू देवळात आहे.

वाटसरू

तलवारींच्या मुठीजवळ ती नक्षीची लोखंडी चकती असते, ती सामुराई स्वतः करत का?

कोरीव

त्सुबा म्हणतात तिला. बहुतेक कारागीर करत, घराणी होती त्यांची. हिगो प्रांतातल्या चकत्या होसोकावा सरदारांच्या आश्रयाने नावारूपाला आल्या, आणि मुसाशीही शेवटी होसोकावांकडेच कुमामोतोला होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक घाटही आहे, दोन मोठ्या भोकांचा, समुद्रकाकडी या समुद्री जीवासारखा. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि हे कारागीर एका दिवसात बेकार झाले. कानो नात्सुओसारख्या थोड्यांना शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारच्या नाण्यांच्या नक्षीचं काम मिळालं.

नागोयाकर

निळीशाई, तुमच्या पहिल्या चित्राबद्दल एक गोष्ट राहिली. मुसाशीचा तो खाटीक नंतर कोणाकडे होता माहिती आहे? वातानाबे काझानकडे.

काझान (१७९३-१८४१) ताहारा संस्थानचा सामुराई, मी राहतो त्या आइचीतलंच गाव. संस्थान १२ हजार कोकूंचं, म्हणजे अगदी लहान, आणि कर्जात. घरी इतकी ओढाताण की धाकट्या भावंडांना मठांत आणि चाकरीला पाठवावं लागलं. एका भावाला बर्फात निरोप दिल्याची आठवण त्याने स्वतः लिहिली आहे. हा लहान वयात जत्रेचे कागदी दिवे रंगवून पैसे आणायचा. कुंचला हातात आला तो पोटासाठी.

१८१८ मध्ये त्याने एदोतल्या साध्या लोकांच्या झटपट रेखाटनांची वही केली. त्यात पंतोजी शिकवत असताना मुलं मारामारी करतायत, असं शाळेचं चित्र आहे. साळुंकी, हे तुमच्यासाठी. आणि हाच माणूस १८३२ मध्ये संस्थानचा कारभारी झाला, धान्याचं कोठार बांधलं आणि तेनपो दुष्काळात ताहारात एकही भूकबळी जाऊ दिला नाही असं सांगतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. १८३७ मध्ये काझानने ताकामी सेनसेकीचं चित्र काढलं. सेनसेकी कोगा संस्थानचा कारभारी, डच विद्येचा, म्हणजे डचांमार्फत आलेल्या पाश्चात्त्य ज्ञानाचा, अभ्यासक. त्याच साली ओशिओ हेइहाचिरोचं बंड झालं आणि त्याला पकडायच्या कामावर हाच माणूस होता. चित्रात डोक्यावर काळी टोपी, अंगरखा जपानी पद्धतीने, नुसत्या रेघांनी. पण चेहरा? चेहऱ्यावर सावली आहे. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, गालाच्या खोलगट जागी. पाश्चात्त्य चित्रं बघून शिकलेली छटा. आवेश काही नाही. पन्नाशीतला, रात्री उशिरापर्यंत वाचणारा, डोळे तांबारलेला एक माणूस समोर बसलाय एवढंच. हाही राष्ट्रीय ठेवा, तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात.

तेव्हा सामुराईने सामुराई काढला, निळीशाई. फक्त त्याचं चिलखत काढलं नाही.

निळीशाई

नागोयाकर, तो खाटीक काझानकडे होता हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस हेच डोक्यात आहे. ज्याने सेनसेकीच्या डोळ्यांखालची सावली पाहिली, तो ती काडी रोज बघत असेल.

शीर्षक बदलावं का असा विचार केला. नाही बदलत. चुकीच्या शीर्षकामुळेच हे सगळं मिळालं.

काझानचं पुढे काय झालं ते थोडक्यात मीच लिहिते, कारण नव्या वाचकांना लागेल. परदेशी जहाजांना हाकलून लावायच्या शोगुनच्या धोरणावर त्याने टीका लिहिली. छापली नव्हती, घरात पडून होती. १८३९ मध्ये झडतीत सापडली. ताहाराला नजरकैद. शिष्यांनी त्याची चित्रं विकून घर चालवायला मदत केली, तर त्यावरून बोभाटा होऊन धन्यावर बालंट येईल अशी हवा उठली. १८४१ मध्ये त्याने पोट फाडून घेतलं. मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, धन्याशी बेइमान, आईबापांशी बेइमान, आणि खाली नाव.

साळुंकी

भूकबळी जाऊ न देणारा माणूस स्वतःला असं म्हणून गेला. काय लिहावं कळत नाही.

शाळेचं चित्र पाहिलं. एका पोराने दुसऱ्याचे केस धरलेत.

नागोयाकर

रविवारी ताहाराला जाऊन आलो. तोयोहाशीला उतरून छोट्या गाडीने शेवटच्या स्थानकापर्यंत, तिथून चालत. किल्ल्याच्या जागेवर नगरपालिकेचं संग्रहालय आहे. इकेनोहारा बागेत त्याचं नजरकैदेचं घर पुन्हा बांधलंय, अगदी लहान. उंबऱ्याशी बसलो थोडा वेळ. कबर जोहो-जी मंदिरात आहे, कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

एका चित्राबद्दल सांगायचं राहिलंय. काझानचा शिष्य त्सुबाकी चिन्झान. हाही सामुराई, एदोत शोगुनच्या भालाईतांमधला खालच्या दर्जाचा चाकर. गुरू तुरुंगात असताना सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत हा पुढे होता. गुरू गेल्यावर त्याने गुरूचा चेहरा काढायला घेतला. कच्ची रेखाटनं करत राहिला, पुन्हा पुन्हा. पुरं झालं १८५३ मध्ये, तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला. बारा वर्षं लागली एका चेहऱ्याला.

त्याच १८५३ च्या उन्हाळ्यात अमेरिकन आरमाराच्या पेरीची काळी जहाजं एदोच्या खाडीत आली. पुढच्या वर्षी चिन्झान गेला.

निळीशाई

आज सकाळी शाई उगाळली. काडी नाही काढली. वडील खिडकीशी पेपर वाचत बसले होते, त्यांच्या डोळ्यांखालची सावली काढून बघितली. जमली नाही. पुढच्या रविवारी परत बसणार आहे.